समुद्रातली केबल तुटली आणि आमचा द्रुत अडला : नेमकं काय होतं, कुणी समजावून सांगेल का?

स्वरमाला (राजेंद्रनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. मी गाणं शिकवते. गेली सहा वर्षं माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली परदेशातून शिकताहेत. दोघी फ्रँकफर्टला आहेत, एक लंडनला, एक सिंगापूरला. इंदूरला बसून मी ठेका लावते आणि त्या तिकडून गातात. विलंबितात निभतं. मात्रा लांब असते, समेवर एकमेकींना सांभाळून घेता येतं. द्रुत सुरू झाला की मात्र आवाज मागे राहतो. म्हणून तबल्याचा ठेका मुलीकडेच वाजवायचा आणि मी इथून नुसतं ऐकायचं, अशी सवय आम्ही लावून घेतली.

गेल्या वर्षी, म्हणजे ६ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशी होती. रात्रभर झांक्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी वर्गाला बसले तर फ्रँकफर्टच्या मुलीशी साधं बोलणंही जमेना. मी वाक्य संपवून गप्प बसायचे आणि तिचं "हो ताई" कितीतरी वेळाने यायचं. मला वाटलं, मिरवणुकीच्या गर्दीत कुठे तार तुटली असेल. इंटरनेटवाल्यांकडे तक्रार केली. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, समुद्रात केबल तुटली आहे." मी चिडले, मला ती टाळाटाळ वाटली. संध्याकाळी बातमी वाचली, तर तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ खरोखरच केबल तुटल्या होत्या. त्या मुलाला मी उगाच बोलले, हे मनात राहिलंय.

आपल्यापासून मुंबईच सहाशे किलोमीटर. मग माझा आवाज जातो तरी कुठून? एक केबल तुटली तर दुसऱ्या नसतात का? आणि "देशाची ब्रॉडबँड क्षमता वाढवणार" असं सारखं ऐकतो, त्यात नेमकं काय वाढवतात? कृपया साध्या भाषेत सांगा.

पोहे_शेव

ताई, मी तर समजत होतो की परदेशातलं सगळं सॅटेलाइटवरून येतं. हा धागा वाचतो आहे.

निवृत्त_लेझर

ताई, मी कॅट या संशोधन केंद्रातून निवृत्त झालो. नवीन लोक त्याला राजा रामण्णा केंद्र म्हणतात, पण आपल्या इंदुरात अजून कॅटच. आयुष्य लेझरवर काम करण्यात गेलं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं मला मनापासून अगत्य आहे. जरा लांबण लागेल.

आपल्याला नर्मदेचं पाणी कसं मिळतं ते आठवा. पूर्वी शहर यशवंत सागर आणि बिलावलीवर जगत होतं. १९७० मध्ये लोकांनी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये नदीकाठच्या जलूदहून नर्मदा आली. जवळजवळ सत्तर किलोमीटरची पाइपलाइन, आणि वाटेत पंपांनी पाणी वर चढवावं लागतं. समुद्रातल्या केबलचंही असंच आहे. पाण्याच्या जागी उजेड.

केबलच्या पोटात केसाएवढे काचेचे तंतू असतात. लेझरचा उजेड सेकंदाला अब्जावधी वेळा बदलतो आणि त्या बदलांत तुमचा आवाज भरलेला असतो. काच कितीही स्वच्छ असली तरी उजेड वाटेत मुरतो. साधारण शंभर किलोमीटरमध्ये शंभरातला एखादाच भाग उरतो. म्हणून साठ ते शंभर किलोमीटरवर एकेक रिपीटर बसवतात. त्यात अर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेला काचतंतू असतो. त्याला दुसऱ्या लेझरने चेतवलं की आतून जाणारा क्षीण उजेड पुन्हा तगडा होतो, आणि तोही विजेच्या संकेतात न बदलता, उजेडाचा उजेड राहूनच. ही युक्ती १९८० च्या दशकाच्या शेवटी सापडली. तिच्याशिवाय आजच्या लांबलचक केबल झाल्या नसत्या.

समुद्रतळाशी या रिपीटरना वीज कोण देणार? केबलमध्येच तांब्याची नळी असते. दोन्ही किनाऱ्यांवरच्या लँडिंग स्टेशनातून तिच्यात दहा हजार व्होल्टच्या घरातली डीसी वीज सोडतात. जलूदच्या पंपांना जागोजागी वीज देता येते, इथे ती फक्त दोन टोकांकडूनच मिळते. केबल लांब झाली की तंतू किती घालायचे यावर मर्यादा येते, त्याचं एक मोठं कारण ही वीज.

जाडी ऐकून आश्चर्य वाटेल. खोल समुद्रात केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी असते. किनाऱ्याजवळ मात्र तिच्यावर पोलादी तारांचे वेढे चढवतात आणि नांगर-जाळ्यांपासून वाचावी म्हणून ती वाळूत मीटर-दीड मीटर पुरतात.

आता तुमच्या लयीचा हिशोब. काचेत उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सुएझमार्गे मार्सेल आणि तिथून फ्रँकफर्ट ही वाट दहा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०. त्यात इंदूर-मुंबईची वाट आणि मधल्या यंत्रांचा वेळ धरला तर १२० ते १४०. आवाज गोळा करून, आवळून पाठवायला ॲप आणखी शंभरेक घेतं. एकूण पाव सेकंदाच्या जवळ. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुतात एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची! म्हणजे सगळं सुरळीत असतानाही तुमची मुलगी तुम्हाला पूर्ण एक मात्रा उशिराने ऐकू येते. विलंबितात तीच मात्रा चार-चार सेकंदांची, तिथे पाव सेकंद जाणवतही नाही. ६ सप्टेंबरनंतर तुमच्या कंपनीने वाहतूक बहुधा सिंगापूरकडून प्रशांत महासागर आणि अमेरिका ओलांडून युरोपात नेली असावी. ती वाट तिपटीच्या घरात जाते, म्हणून दोन-अडीच मात्रा.

उजेडाचा वेग कुणालाही वाढवता येत नाही. वाट लहान ठेवता येते आणि पर्यायी वाटा जवळच्या ठेवता येतात, एवढंच आपल्या हातात.

स्वरमाला

काका, मी अंगावर काटा येऊन वाचलं. सहा वर्षं मी मुलींना "लय सोडू नकोस" म्हणत आले. लय त्यांनी सोडलीच नव्हती.

दर्या_ते_माळवा

सुदामानगरहून लिहितो आहे. व्यापारी जहाजांवर तीस वर्षं काढून घरी परतलो. केबल तुटते कशी, ते जहाजावरून जसं दिसतं तसं सांगतो.

आमच्या सागरी नकाशांवर केबल जांभळट-गुलाबी नागमोडी रेषेने दाखवलेली असते. तिथे नांगर टाकायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. पण वादळ आलं, इंजिन बंद पडलं, की माणूस आधी जहाज वाचवतो. नांगराची साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटर. सात-आठ शॅकल साखळी सोडली आणि तरी नांगर धरला नाही, तर तो तळावरून फरफटत जातो. वाटेत केबल आली की गेलीच. जगात वर्षाला केबल बिघडण्याचे दीडशे-दोनशे प्रसंग होतात आणि त्यातले बहुतेक मासेमारी आणि नांगर यांमुळे. शार्क केबल चावतात ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण खरं संकट आपणच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं बघा. 'रुबीमार' नावाच्या खतवाहू जहाजावर हौथींनी १८ तारखेला क्षेपणास्त्र मारलं. खलाशी नांगर टाकून जहाज सोडून गेले. ते जहाज नांगर ओढत कित्येक दिवस वाहत राहिलं आणि २ मार्चला बुडालं. त्याच काळात बाब-अल-मंदेबच्या आसपास एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबल तुटल्या. अमेरिकी अधिकाऱ्यांचं म्हणणं, त्याच नांगराने. ती सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद. मी तिथून अनेकदा गेलो आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर दिसतात. आशिया आणि युरोपमधल्या केबलचा केवढा मोठा जुडगा त्या चिंचोळ्या फटीतून जातो!

ताई, "दुसऱ्या केबल नसतात का" असं तुम्ही विचारलंत. असतात. पण त्या त्याच गल्लीत शेजारी शेजारी असतील, तर एकच नांगर दोन-तीन ओढून नेतो.

दुरुस्तीही सांगतो. किनाऱ्यावरून तंतूत उजेडाचा ठोका सोडतात. तुटल्या जागेवरून तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर कळतं. मग केबल-जहाज तिथे जातं आणि गळासारखा मोठा आकडा तळावरून ओढत केबल पकडतं. खोल पाण्यात ताणलेली केबल अखंड वर येत नाही. ती कापून एक टोक आधी वर आणतात आणि तरंगत्या बोयाला बांधून ठेवतात. मग दुसरं टोक शोधायचं. दोन्हींच्या मध्ये नवा तुकडा जोडायचा आणि सगळं अलगद खाली सोडायचं. जोडणीला दिवस पुरतात, पण जहाज मोकळं असणं, हवामान आणि परवाने यांत आठवडे जातात. लढाईच्या पाण्यात तर कुणी विमाही देत नाही.

ग्वाल्हेरकर

ग्वाल्हेरहून डोकावतो आहे. या विषयात आपल्या दोन्ही गावांचा एक जुना धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५० च्या दशकात कंपनी सरकारच्या ओशॉनेसीने तारायंत्राची लाइन टाकली. ती कलकत्त्याहून आग्र्याला आली आणि तिथून ग्वाल्हेर-इंदूरवरून मुंबईला गेली. म्हणजे आजचा आपला ए. बी. (आग्रा-बॉम्बे) रोडच. मुंबईला पुढची जोड १८७० मध्ये मिळाली. 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली. तिथून सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंडच्या पोर्थकर्नोपर्यंत. तारांवर आवरण होतं गटापर्चा या झाडाच्या चिकाचं.

एडन, तांबडा समुद्र, सुएझ. दीडशे वर्षांनंतर स्वरमालाताईंचा आलाप त्याच वाटेने जातो आहे. तांब्याची जागा काचेने घेतली, वाट तीच राहिली. मला हीच गोष्ट काळजीची वाटते.

पोहे_शेव

पण मग सॅटेलाइटचं काय? स्टारलिंकला २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळाला न? समुद्रात नांगराची भीती, तर आकाशातून न्या सगळं.

बदलीवाला

पोहे_शेव, याचं उत्तर मी जगून बघितलंय. मी बँकेत होतो. २०१८ ते २०२१ पोर्ट ब्लेअरला बदली होती. तेव्हा बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः उपग्रहाचा. शाखेत गर्दी, काउंटरवर पासबुक धरून म्हातारी माणसं उभी, आणि आमच्या पडद्यावर चक्र फिरतंय. "लिंक नाही" हे दोन शब्द मी दिवसातून किती वेळा म्हटले असतील त्याला गणती नाही. मुलाच्या अभ्यासाचा एक व्हिडिओ रात्री लावून ठेवायचा आणि सकाळी बघायचा.

१० ऑगस्ट २०२० ला चेन्नई-अंदमान केबलचं उद्घाटन झालं. सुमारे २३०० किलोमीटर, खर्च १२२४ कोटी. पोर्ट ब्लेअरशिवाय स्वराज द्वीप, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबार, लाँग आयलंड आणि रंगत जोडले गेले. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सेकंदाला २०० गिगाबिटच्या दोन वाटा. करोनाचा काळ होता, सगळी शाळा ऑनलाइन. मुलाने पहिल्यांदा न अडकता पूर्ण तास बघितला तेव्हा आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. सगळे त्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

उपग्रह वाईट नाही. डोंगरात, बोटीवर, पुरात त्याच्याइतकं काही नाही. पण सगळ्या गावाची तहान त्याच्यावर भागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोची-लक्षद्वीप केबलही सुरू झाली. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते मला कळतं.

निवृत्त_लेझर

बदलीवाला यांनी अनुभव सांगितला, मी आकडा जोडतो. २०१८ मध्ये सुरू झालेली अटलांटिकमधली 'मारेया' केबल १६० टेराबिटसाठी आखलेली होती. तंतूंच्या फक्त आठ जोड्या. एकेका उपग्रहाची क्षमता अजून बहुधा गिगाबिटमध्ये मोजतात, आणि १००० गिगाबिटचा एक टेराबिट. म्हणूनच खंडा-खंडांतली ९५ टक्क्यांहून अधिक वाहतूक समुद्रातून जाते. पूर्वी टीएटी-८ नावाची पहिली अटलांटिक फायबर केबल १९८८ मध्ये आली तेव्हा २८० मेगाबिट ही मोठी गोष्ट होती. आज इंदुरात एका घराचं कनेक्शन त्याहून मोठं मिळतं.

रेवा

सुपर कॉरिडॉरवर नोकरी करते. क्षमतेच्या प्रश्नाकडे वळते, कारण ताईंचा तो प्रश्न मागेच राहिला.

दूरसंचार नियामक ट्रायने जून २०२३ मध्ये केबल लँडिंगबद्दल, म्हणजे केबल किनाऱ्यावर आणण्याबद्दल, शिफारशी दिल्या. त्यात म्हटलंय की भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर येतात. २०२२ च्या अखेरीस त्यांची उजळलेली, म्हणजे चालू करून ठेवलेली, क्षमता सेकंदाला १३८ टेराबिटच्या वर होती आणि प्रत्यक्ष वापरात घेतलेली १११. म्हणजे तेव्हा पाइप भरून वाहत नव्हता. मग अडचण कुठे? स्टेशनं आहेत मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, तिरुवनंतपुरम एवढ्याच गावांत. मुंबईतल्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या थोड्याशा किनाऱ्यावर वर येतात. आणि पश्चिमेला जाणाऱ्या बहुतेक त्याच तांबड्या समुद्रातून.

३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या केबल एकाच दिवशी तुटल्या तेव्हा आपली जवळजवळ निम्मी क्षमता गेली होती. माझी मोठी बहीण तेव्हा पुण्यात कॉल सेंटरला होती, त्या रात्री सगळ्यांना घरी पाठवलं. आता केबल जास्त आहेत, म्हणून २०२५ मध्ये अंधार झाला नाही, फक्त उशीर झाला. ही प्रगती खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण उशीरही कुणाचं तरी काम बुडवतो, हे ताईंच्या वर्गावरून दिसलं.

ट्रायच्या शिफारशींतल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, दुरुस्तीचं जहाज. आपल्याकडे भारतीय झेंड्याखालचं असं जहाज नाही, बाहेरून बोलवावं लागतं आणि मग परवानग्यांची रांग. एवढा मोठा किनारा असलेल्या देशाने हे वर्षानुवर्षं चालू द्यावं याचा मला राग येतो. दुसरी, स्टब केबल. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या हद्दीपर्यंत मोकळी केबल आधीच टाकून ठेवायची. नवीन केबल आली की तिला समुद्रातच जोडायचं, दर वेळी किनारा खणायला नको आणि पुन्हा सगळ्या परवानग्याही नकोत.

सिंगापूरने २०२३ मध्येच दहा वर्षांत आपली केबल लँडिंग दुप्पट करायचं ठरवलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला गूगलने मोठं डेटा केंद्र आणि समुद्री केबलचं प्रवेशद्वार जाहीर केलं. त्याआधी फेब्रुवारीत मेटाने ५० हजार किलोमीटरच्या 'वॉटरवर्थ' केबलमध्ये भारताचं नाव घेतलं. विशाखापट्टणमचं मला विशेष वाटतं, कारण तिथे नवा किनारा मिळतो. वर्सोव्याला आणखी एक केबल आणणं आणि नव्या गावात पहिली आणणं, कागदावर दोन्ही 'एक केबल' दिसतात. पण फरक मोठा आहे.

फायबरवाला_भिया

मी इथे नेहमी वाचतो, आज लिहून राहिलो. इंदुरात फायबर जोडायचं काम करतो, पंधरा वर्षं झाली. रेवाताई, तुमचं सगळं बरोबर, पण थोडं आपल्या रस्त्यावर पण बघा.

समुद्रातली केबल कधीमधी तुटते, आमची दर आठवड्याला. मेट्रोचं खोदकाम, ड्रेनेज, पाण्याची लाइन. जेसीबीचा पंजा पडला की अठ्ठेचाळीस कोअरची, म्हणजे तंतूंची, केबल एका झटक्यात. रात्री दोनला फोन येतो. आधी ओटीडीआर लावून कट कुठे ते बघायचं, मग खड्ड्यात उतरायचं. एकेक कोअर सोलायचा, साफ करायचा, क्लीव्हरने कापायचा, मशीनमध्ये फ्यूज करायचा आणि वरून स्लीव्ह. अठ्ठेचाळीस वेळा. वरून पाऊस असला तर छत्री माणसावर नाही, मशीनवर.

मार्च २०२३ मध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप काढलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे ज्याची लाइन आहे तो येऊन दाखवेल. फार चांगली गोष्ट. पण खड्डा खणणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला त्याची खबरच नसते. मी स्वतः चार जणांच्या मोबाइलवर टाकून दिलंय. त्यातल्या एकाने तरी खणायच्या आधी मला फोन केला, त्या दिवशी लाइन वाचली.

आणखी एक. घरी जे कनेक्शन येतं ते स्प्लिटरमधून येतं. एका तंतूतून अडीच गिगाबिट येतं आणि ते बत्तीस घरांत वाटायचं, कधी चौसष्ट. रात्री नऊला सगळे मॅच बघत असले की तुमच्या वाट्याला काय? समुद्रात टेराबिट टाका की काही टाका, शेवटचा स्प्लिटर भरलेला असेल तर गाणं अडकणारच.

रेवा

भिया, मी याच्या विरुद्ध नाहीच. पण "आधी गल्ली मग समुद्र" असं म्हटलं की समुद्र मागे पडतो. गल्लीतली लाइन तुम्ही रात्री दोनला जोडता, सकाळी चालू. समुद्रातली जोडायला आठवडे, कधी महिने जातात. ज्याला वेळ लागतो त्याची तयारी आधी हवी.

फायबरवाला_भिया

हे मान्य. पण खेड्याचं पण बघा. भारतनेटची सुरुवात २०११ मध्ये झाली, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या म्हणून. माझा मेहुणा खरगोनकडे आहे. पंचायतीत फायबर पोचलं, डबा भिंतीला लागला. पण लाइट गेली की डबा बंद, आणि केबल तुटली तर जोडायला कुणी नाही. केबल टाकणाऱ्याला पैसे मिळतात. सांभाळणाऱ्याला कोण देतो? समुद्रात पण हेच न, जहाज नाही म्हणता तुम्ही. टाकायला सगळे, सांभाळायला कुणी नाही. वर-खाली एकच दुखणं आहे.

रेवा

हे तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. मी दोन दिवस आकडे वाचत होते आणि मला हे एका वाक्यात सुचलं नाही.

निवृत्त_लेझर

यात तिसरी एक गोष्ट येते. नर्मदा आली म्हणून शहराने टाक्या बांधणं सोडलं नाही. पाणी गावात साठवलेलं असलं की पाइप एखाद-दिवस बंद पडला तरी चालतं. इंटरनेटच्या टाक्या म्हणजे कॅशे सर्व्हर आणि एक्स्चेंज. लोकप्रिय व्हिडिओची प्रत देशात, शक्यतो जवळच्या शहरात ठेवलेली असते, ती दर वेळी समुद्र ओलांडत नाही. आणि देशातल्या दोन कंपन्यांची वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी सुरू झालं. त्याआधी एका भारतीयाची मेल दुसऱ्या भारतीयाला परदेश फिरून मिळायची. इंदूरहून भोपाळला जाणारी गोष्ट आजही पुष्कळदा मुंबई किंवा दिल्ली पाहून येते. हे अंतर कमी केलं तर समुद्रावरचा भारही हलका होतो.

फक्त ताईंचा वर्ग टाकीत साठवता येत नाही. गाणं जिवंत आहे, त्याला दर वेळी पूर्ण वाट चालावीच लागते. म्हणून केबल तुटली की व्हिडिओ बघणाऱ्याला कळतही नाही आणि शिकवणाऱ्याला, डॉक्टरला, दूर असलेल्या मुलाशी बोलणाऱ्या आईला लगेच कळतं.

स्वरमाला

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत. भिया, तुम्ही व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे ट्रेसरूट, म्हणजे वाट कुठून जाते आणि किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, करून बघितलं. भाच्याला सोबत बसवलं. आकडे मिलिसेकंदांत असे : घरातल्या डब्यापर्यंत वाय-फायने कधी ३, कधी ४५. मुंबईपर्यंत १८. पुढे मार्सेलचं नाव दिसलं आणि आकडा १२० च्या पुढे गेला. फ्रँकफर्टला १३४. मार्सेल हा शब्द बघून मी ग्वाल्हेरकरांची पोस्ट पुन्हा वाचली.

यातलं ४५ कुठून येतं?

फायबरवाला_भिया

ताई, ते समुद्रातलं नाही, तुमच्या घरातलं आहे. १३४ एकसारखं राहिलं तर कान त्याला धरून घेतो. पण मध्येच ३ आणि मध्येच ४५ झालं की ॲप घाबरून जास्त आवाज साठवून ठेवतं, त्याने उशीर अजून वाढतो. लॅपटॉपला डब्यातून सरळ लॅनची तार लावा. वर्गाच्या वेळी वाय-फाय बंद. ब्लूटूथचे हेडफोन पण नको, तारेचे घ्या.

दर्या_ते_माळवा

आणि कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा : युरोपकडची तुमची वाहतूक किती वेगळ्या वाटांनी जाते? दोन केबल आहेत का, असं विचारू नका, "दोन वाटा आहेत का" असं विचारा. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून स्वस्त ती एकच वाट घेऊन ठेवणारे असतात.

स्वरमाला

प्रश्न पाठवला आहे. उत्तर आलं की इथे लिहीन. तक्रार घेणाऱ्या त्या मुलाचं नाव मला माहीत नाही, पण त्याच पत्रात लिहिलं की त्या दिवशी तुमच्या माणसाने खरं सांगितलं होतं, चूक माझी झाली.

तार लावली. काल लंडनच्या मुलीबरोबर बसले. काकांचा हिशोब वहीत लिहून समोर ठेवला होता. २४० च्या लयीत नाहीच जमणार, हे आता कळलं आणि त्याचं दुःखही वाटेनासं झालं. १६० ला जमलं. मी ठेका धरला, ती गायली, आणि तिची सम मला माझ्या समेच्या मागे, पण दर वेळी तेवढीच मागे ऐकू आली. पंधरा मिनिटं आम्ही थांबलोच नाही. रविवारी फ्रँकफर्टच्या दोघींबरोबर १८० ला बघते.